शंभरात किती खात्री

टाळेबंदीत आंजीच्या रस्त्यावर एका गावाने वेशीवर बोरीच्या फांद्या टाकून रस्ता अडवला होता. पिपरीहून मी भाजी घ्यायला निघालो होतो. माझ्यासमोर पहारेकऱ्यांनी एका भाजीवाल्याला अडवलं. वाद झाला आणि एकाने बैलगाडीच्या कडेचा दांडा, उभारी, उपसून त्याचा उजवा हात मोडला. मारणाऱ्याच्या तोंडाला दुपट्टा होता. मी माझी दुचाकी थांबवली, तेव्हा तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मांगं फिर, नाई तं तुयाबी नंबर लागते."

त्या गुन्ह्यात एकजण पकडला गेला. कोर्ट कधी बंद, कधी अर्धं चालू. तारखा पुढे सरकत राहिल्या आणि तो तुरुंगातच राहिला. अखेर वर्ध्याच्या कोर्टात माझी साक्ष निघाली. संसर्गाच्या भीतीने कैद्याला आणत नव्हते. तो पडद्यावर दिसत होता, तोही थांबून थांबून हलणारा. मागच्या बाकावर त्याची बायको बसली होती.

सरकारी वकिलांनी विचारलं, हाच का तो? त्याला मास्क खाली करायला लावला. पण मी तर चेहरा पाहिलाच नव्हता. ओळखता येत नाही, असं मी सांगितलं. सरकारी वकिलांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पैसे खाल्ले होते. बाकावरून सुस्कारा ऐकू आला.

तुरुंगातला माइक चालूच होता. आपण सुटलो असं वाटून त्या माणसाने पडद्यावर हात जोडले.

"राम राम भाऊ. लय उपकार झाले."

मी अजून साक्षीदाराच्या पिंजऱ्यातच उभा होतो, शपथही सुटली नव्हती. "साहेब," मी म्हणालो, "चेहरा सांगता येत नाही, पण आवाज तोच वाटतो."

बाकावरची बाई उभी राहिली. शिपायाने तिला खाली बसवलं.

आरोपीचे वकील शांतपणे पुढे आले. यंत्रातून आलेला आवाज, मधे एवढा काळ गेलेला. "शंभरात किती खात्री?"

शंभर म्हणणं सोपं होतं. मी मनाशी तोलून पाहिलं.

"नव्वद."

"उरलेले दहा माझ्या अशिलाचे," ते म्हणाले आणि बसले.

भाजीवाल्यालाही चेहरा दिसला नव्हता आणि दुसरा साक्षीदार उभा राहिलाच नाही. आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला.

पुढे भाजीवाला बाजारात भेटला. डाव्या हाताने वांगी तोलत होता. खाली मान घालूनच त्याने विचारलं, "काऊन भाऊ, अजून दहा टाकले असते तं तुमचं काय जात होतं?"

मी पिशवी पुढे केली. ते दहा माझ्याकडे नव्हतेच, हे खरं उत्तर होतं; पण त्याच्या लुळ्या उजव्या हाताकडे पाहून मी वांग्यांचे पैसे त्याच्या डाव्या हातात ठेवले.