दमलेले सेल

आमचे वडील तीस वर्षं वायरमन होते आणि दिवाळीत आख्ख्या गावात सगळ्यांत अंधारं घर आमचं असायचं. लोकांना हे खोटं वाटतं. पण ज्यानं जन्मभर ओल्या भिंती, उघड्या वायरी आणि त्यांना चिकटलेली माणसं बघितली, तो माणूस घराबाहेर करंट नेऊ देत नाही. आत बल्ब, बाहेर पणती, हा त्यांचा कायदा. आईला मात्र लग्न झाल्यापासून एकच हौस होती. दारातल्या कडुलिंबावर दिव्यांची माळ लागावी. दर दिवाळीला ती हा विषय काढायची आणि दर दिवाळीला वडील म्हणायचे, "शॉक बसंल. तुला त्यातलं काय कळतंय?" आईनं बटण दाबण्यापलीकडे कधी बोर्डाला हात लावलेला नव्हता. फ्यूज उडाला की वडील येईपर्यंत ती अंधारात बसायची, मग ते तिकडं बेंबळी गावाच्या पलीकडं खांबावर का असेनात.

मी लातूरला शाळेत विज्ञान शिकवते. शनिवारी शाळा सुटली की गावी येते आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत जाते. नाताळाच्या आधी लातूरच्या बाजारात मला ती माळ दिसली. डब्यावर लाल टोपीतला दाढीवाला म्हातारा, भोवती बर्फ, आणि खाली लिहिलेलं की घराबाहेर चालेल, पावसात चालेल, तीन सेलवर तीस दिवस चालेल. वडिलांच्या कायद्यातून निसटणारी वस्तू जगात निघाली होती. मी दुसरी दुकानंसुद्धा बघितली नाहीत.

शनिवारी दुपारचा चहा झाला आणि बरोबर साडेतीनला मी कडुलिंबावर माळ चढवली. सेलच्या डबीला एक सरकतं बटण होतं. ते मी शेवटपर्यंत सरकवलं, कारण आमच्या घरात पंखा असो की मिक्सर, बटण शेवटच्या आकड्यावरच असतं. भर उन्हात माळ लागली. दिसत काहीच नव्हतं, पण आई पदर तोंडाला लावून बघत उभी राहिली. दिवस मावळला तेव्हा समोर थांबलेल्या एसटीतली माणसं खिडकीतून वाकून आमचं झाड बघायला लागली. आईनं त्या रात्री भाकरी करताना चार वेळा बाहेर चक्कर मारली. डब्यावरच्या म्हाताऱ्याला तर तिनं देवाच्या फळीवर जागा दिली. "दाढी हाय म्हंजे कुठला तरी संतच असंल," म्हणाली.

साडेनऊला माळ विझली.

वडील खूश झाले. उगाच कशाला खोटं सांगू, ते खुर्चीतून उठून उभेच राहिले. "तीस दिवस लिहिलं व्हतं न्हवं? सहा तास!" असं म्हणून त्यांनी जेवणानंतरचं गरम दूध मागितलं. झोपण्याआधी त्यांना साखर घातलेलं गरम दूध लागतं आणि ते मागताना ते फक्त मान वर करतात. आई दूध तापवायला आत गेली. तिचं तोंड बघून मला त्या दुकानदाराचा असा राग आला की विचारू नका.

रविवारी मी गावातल्या दुकानातून तीन नवे सेल आणले. साडेतीनला घातले. साडेनऊला माळ विझली. वडील हातात घड्याळ घेऊनच बसले होते.

"दे हिकडं ते सेल," आई म्हणाली. "उद्या उन्हात ठिवते."

मी हसले. वाईट हसले. आठवीच्या वर्गाला सांगावं तसं मी तिला सगळं सांगितलं, की सेलच्या आत रासायनिक क्रिया असते, ती संपली की संपली, उन्हाचा तिच्याशी संबंध नाही. रेडिओच्या जमान्यातली माणसं सेल उन्हात वाळवायची ते अज्ञान होतं. आईनं शांतपणे ऐकून घेतलं.

"सेल मरत न्हाय बाई," ती म्हणाली. "दमतंय. जरा उन्हात टेकू दिलं की उठतंय."

सोमवारी मी लातूरला आले. तीन वाजून पस्तीस मिनिटांनी फोन वाजला. मी तासावर होते, तरी उचलला. "लागली गं!" एवढंच म्हणून आईनं फोन ठेवला.

त्यानंतर रोज तेच सुरू झालं. साडेनऊला माळ विझायची, आई सेल काढायची, सकाळी सुपात घालून स्लॅबवर ठेवायची, दुपारी साडेतीनला परत डबीत भरायची, आणि माळ लागायची. पुढच्या शनिवारी मी गेले तर जिन्यात बाया. कुणाच्या हातात भिंतीवरच्या घड्याळाचा सेल, कुणाच्या हातात रिमोटचे, एकीकडे बीपीच्या मशीनचे चार. स्लॅबवर पाच सुपं. शेजारच्या मामींचं दोन वर्षं बंद पडलेलं घड्याळ सुरू झालं होतं. कसं झालं ते मला लगेच कळलं. मी आणलेले नवेकोरे सेल त्याच सुपांत असणार, आणि आई देताना हाताला येईल तो सेल देत असणार. पण मग आमच्या माळेला मामींचे मेलेले सेल यायला हवे होते ना? विचारलं तर आई म्हणाली, "माळंचं सूप येगळं हाय. त्यातून येखादाच दिला मामींस्नी, बदल्यात दुकानातला नवा ठिवला." म्हणजे तिथंही माझंच चुकलं.

मग मी पेटले. नेलपॉलिशनं खुणा करून मी तीन सेल उन्हात ठेवले आणि तीन ज्वारीच्या डब्यात खुपसले. ऊन नाही, वारा नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही तिकड्या चालल्या.

"जवारीत ऊब असती," आई म्हणाली.

मी तीन फ्रीजमध्ये ठेवले. तेही चालले.

"थंडीत माल ताजा ऱ्हातोय. कोथमिरीचं बघ की."

माझी अवस्था फार वाईट झाली. वर्गात 'शास्त्रीय कारण लिहा' असा प्रश्न फळ्यावर लिहिताना माझा हात अडखळायला लागला. वडील वेगळ्या कारणानं खचले होते. विजेचं काहीही विचारायचं असलं तर ज्या घरात लोक त्यांच्याकडं यायचे, तिथं आता लोक त्यांच्या खुर्चीला वळसा घालून जिना चढत होते. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही तरी सांगा तिला." तर म्हणाले, "सेल आमच्या खात्यात येत न्हाय."

संक्रांतीनंतरच्या एका शनिवारी आई हळदीकुंकवाला गेली आणि बायांच्या गप्पांत रंगली. गुडघे दुखत होते म्हणून आल्या आल्या आडवी झाली. सेल काढायचे राहून गेले. रविवारी दुपारी वडील आणि मी कडुलिंबाखाली चहा पीत बसलो होतो. आई वर सुपं आवरत होती. झाडाजवळ कुणी नव्हतं. साडेतीन वाजले आणि माळ आपली आपण लागली.

वडिलांच्या हातातला चहा बशीत सांडला. ते उठून झाडाभोवती फिरले, कुठून करंट येतोय का ते बघायला. मी चष्मा लावून ती डबी उलटी केली. बटणाला तीन जागा होत्या. एक बंद, एक चालू, आणि शेवटची टायमर. खाली मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं की सहा तास चालू, अठरा तास बंद. तीस दिवस म्हणजे असे तीस दिवस. पहिल्या दिवशी ते बटण शेवटपर्यंत सरकवणारी, विज्ञान शिकवणारी बाई मीच होते.

एवढं कळल्यावर माणसानं गप्प बसावं. मी बसले नाही. महिनाभर हरले होते मी. वडीलही म्हणाले, "बोलीव तिला. सांग." आई सूप घेऊन खाली आली, मागून मामी आणि आणखी दोघी. मी सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात, अगदी चवीनं सांगितलं. सेल कधी संपलेच नव्हते. ऊन, ज्वारी, फ्रीज, सगळं थोतांड. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. आईनं सूप खाली ठेवलं. तिचा चेहरा पहिल्या रात्री झाला होता तसाच झाला, आणि मला माझीच लाज वाटली.

"म्हंजे मेले नव्हते," ती म्हणाली.

"नव्हते."

"मग म्या काय म्हणालते? दमलेत म्हणालते का न्हाय?"

मामी म्हणाल्या, "व्हय, दमलेतच म्हणालता." आईनं डबी हातात घेतली आणि ती मुंगीएवढी अक्षरं मला परत वाचायला लावली. सहा तास काम. अठरा तास आराम.

"दिव्याला लिहून दिलंय बघ," ती मामींना म्हणाली. "माझ्या पाठीला हाय का असलं बटण?"

बाया खो खो हसल्या. वडील हसले नाहीत. कामाचं काहीतरी आठवल्यासारखं करून आत गेले.

पुढच्या शनिवारी मी पोचले तेव्हा आई साडेतीनला कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसली होती. मधे उठून तिनं भाकरी केल्या, आमटी केली, भांडी घासली. साडेनऊला माळ विझली आणि ती परत येऊन त्या खुर्चीत बसली. दहाच्या सुमाराला वडिलांनी मान वर केली. आई हलली नाही.

"माळ बंद झाली की म्याबी बंद," ती मला म्हणाली. "सोमवारपास्नं तसंच हाय."

वडील उठले, बॅटरीचा झोत टाकत झाडाकडं गेले. मला वाटलं झाड बघतायत. ते डबी शोधत होते. बटण 'चालू'वर आणलं की माळ रात्रभर जळणार, आणि जळत्या माळेखाली आईला बंद व्हायला जागाच उरणार नाही, एवढं इलेक्ट्रिकचं डोकं त्यांना होतंच. पण डबीवर काळी टेप गुंडाळलेली होती, त्यांच्याच जुन्या पिशवीतली, चांगले चार पदर, ताणून मारलेली. टेप मारलेला जोड दुसऱ्यानं उघडायचा नसतो, हे आम्हा सगळ्यांना त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी टेपवरून अंगठा फिरवून बघितला. काम चोख होतं. तसं ते पुटपुटलेही.

मग ते आत गेले. फ्रीज उघडल्याचा आवाज आला, गॅसच्या लायटरचा आला, भांडं पडल्याचा आला. थोड्या वेळानं दारात येऊन ते अंधारात बघत उभे राहिले.

"साखरेचा डबा कुठं हाय?"

आईनं पाय समोरच्या खुर्चीवर सोडले.

"उद्या साडेतीनला इचारा," ती म्हणाली.