बबनरावांच्या डिझेलचा स्क्रू

बबनराव गेल्याचं मला मॉडेल विमानवाल्यांच्या मोबाईल ग्रुपवर कळलं. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. ‘थोर कलावंत’, ‘आमचा आधारस्तंभ’ वगैरे. ज्यांनी या माणसाला मैदानाच्या कडेला बसवलं, त्यांचेच ते हात. मी मोबाईल पलंगावर फेकला. महिना उलटला, राग काही उतरलेला नाही.

कापूरहोळला त्यांचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं. दिवसा ट्रॅक्टर-टेम्पोचे सुटे भाग आणि उरलेल्या वेळात मॉडेल विमानांची इंजिनं. मी शाळेत हस्तकला शिकवायचो, विमानांचा नाद मलाही. उन्हाळ्यात भाटघर धरणाचं पाणी मागं सरलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर आम्ही उडवायला जायचो. माझं इंजिन ग्लो, मिथेनॉलवर चालणारं; त्याला प्लग लागतो आणि प्लग तापवायला सेल लागतो. त्यांचं डिझेल, स्वतः घडवलेलं. रॉकेल, एरंडेल, ईथर आणि डोक्यावर दाब कमी-जास्त करायचा एक स्क्रू, बस्स. माझा प्लग जळाला की ते खुशीत यायचे. “मास्तर, तुमचं इंजिन लई शिकल्यालं. सेलाबिगर हालत न्हाई.” मी म्हणायचो, “आणि तुमचं बोट फोडल्याशिवाय चालत नाही.” पंखा बोटानं फिरवून इंजिन सुरू करताना दाब जास्त झाला की तो उलटा फिरून खरंच बोट फोडायचा. उडवून झालं की ते इंजिन लख्ख पुसायचे, पण स्क्रूला फडकंसुद्धा लागू द्यायचे नाहीत. आज जिथं सुरू झालं तिथंच उद्या सुरू होईल, हा त्यांचा हिशेब.

दोन वर्षांपूर्वी सारोळ्याजवळच्या माळावर मेळावा होता. बबनराव विमान मांडीवर घेऊन एसटीनं आले. संयोजक म्हणाले, डिझेलचा वास येतो, तेल उडतं, पाहुण्यांचे कपडे खराब होतात; यंदा फक्त ग्लो आणि बॅटरीवाली. ग्लोसुद्धा तेल थुंकतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मलाही. मी बोललो नाही. माझा नंबर आला, मी उडवलं, टाळ्या घेतल्या. जाताना बबनराव म्हणाले, “झ्याक उडालं, मास्तर.” शिवी दिली असती तर बरं झालं असतं. प्लगवरून माझ्याशी तासन्‌तास हुज्जत घालणारा माणूस तिथं गप्प राहिला, याचाही मला राग येतो. आणि माझा तर येतोच...

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्याच संयोजकांनी भाषण केलं, डोळे पुसले. मग बबनरावांच्या बायकोला, वहिनींना म्हणाले, इंजिन द्या, पॉलिश करून आमच्या काचेच्या कपाटात ठेवू. वहिनींनी माझ्याकडं बोट दाखवलं. “त्ये मास्तरास्नी द्यायचं सांगून गेल्यात. स्क्रू हलवू नका म्हनले.”

गेल्या रविवारी ते भाटघरला नेलं. चिकटलेलं एरंडेल सुटावं म्हणून रॉकेलचे चार थेंब सोडले, त्यांच्याच बाटलीतलं इंधन भरलं. दोनदा पंखा मारला, काही नाही. तिसऱ्यांदा बोटाला सणसणीत फटका बसला आणि इंजिन सुरू झालं. तेच जाड आवाजाचं, ईथरच्या वासाचं डिझेल.

रक्त पुसून मी संयोजकांना फोन लावला. “बोला मास्तर, कपाट तयार आहे,” ते म्हणाले. दोन वर्षांपूर्वी बोलायचं होतं ते आता काय बोलणार? मी फोन इंजिनाजवळ नेला आणि टाकी संपेपर्यंत तसाच धरून ठेवला.

मग इंजिन पुसलं. स्क्रू सोडून.