ताटाच्या काठावरचं टिंब

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही अर्धं. पण सेलूच्या बाजारात येणारी निम्मी भांडी माझ्या हाताखालून गेलेली आहेत. भांड्यावर नाव टाकायचं काम मी करतो. लग्नातली पातेली, बारशातल्या वाट्या, मेलेल्या माणसाच्या नावानं देवळाला दिलेल्या परातीसुद्धा. आता सगळ्यांकडं मशीन आली. घर्र केलं की नाव तयार, आणि ते नाव उंदरानं खरडल्यावाणी दिसतं. मी अजून छन्नी-हातोडीनंच टाकतो. लोक म्हणतात, म्हातारा हट्टी हाय. हाय मी हट्टी.

माझ्या छन्नीचं टोक एका बाजूनं उडालेलं आहे. त्यामुळं माझ्या प्रत्येक टिंबाला बारकी शेपटी येती, बेडकाच्या पिलासारखी. बदलली नाही मी ती छन्नी. हजार भांड्यांत माझं भांडं मी ओळखतो.

या धंद्यात मी पडलो तो वडलांच्या तांब्यामुळं. आमचं गाव पोखर्णीच्या अलीकडं. तिथल्या हॉटेलाबाहेर भिंतीला कोनाडा होता, त्यात आमच्या लोकांचे कानतुटके कप ठेवलेले असायचे. आपला आपण घ्यायचा, आपला आपण विसळायचा. आमी बौद्ध झालो त्या साली वडलांनी पितळी तांब्या विकत आणला आणि त्यावर स्वतःचं पूर्ण नाव टाकून घेतलं, बापाच्या नावासकट. त्यांना वाचता येत नव्हतं. पण त्या दिवसापासून त्यांनी हॉटेलचा चहा सोडला तो सोडलाच. मी त्या अक्षरांवरून बोट फिरवत मुळाक्षरं शिकलो. भांड्यावरचं नाव म्हणजे माणसाची इज्जत, हे माझ्या डोक्यात तेव्हाच बसलं.

आता जे सांगतो त्याची मला अजून शिसारी येते, आणि त्यातली थोडी माझी मलाच येते.

एका विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहातून बोलावणं आलं. मेसची ताटं होती, नवी कोरी. वॉर्डनबाई म्हणाल्या, "आजोबा, या ढिगातल्या ताटांच्या काठावर एक-एक टिंब टाका. त्या ढिगाला हात लावू नका."

"नाव न्हाई टाकायचं?"

"नाव कशाला? नुसतं टिंब."

"टिंब कशापाई बाई?"

"अंडं खाणाऱ्या मुलींची ताटं वेगळी ठेवायची आहेत. सरमिसळ नको."

मला पटलं. अंड्याचा वास ताटाला राहतो, हे खरं आहे. मी मांडी घालून बसलो आणि सगळी टिंबं एका ओळीत, एका मापात टाकली. वॉर्डनबाई म्हणाल्या, "वा, छान काम." मी फुगलो. आज आठवलं की तोंड कडू होतं.

पुढं पावसाळा सरता सरता त्यांनी मला पुन्हा बोलावलं. विद्यापीठात 'विविधतेचा उत्सव' होता आणि पाहुण्यांना द्यायच्या तांब्याच्या तबकांवर नावं टाकायची होती. मी नावं टाकली आणि मंडपात मागं बसलो. कुणी काश्मिरी झालेली, कुणी केरळी, एक पोरगी लमाणी घागरा घालून आलेली. ती खरीच लमाण तांड्यावरची होती, तरी निवेदक म्हणाला, "किती हुबेहूब वेषभूषा!" एका पाहुण्यानं भाषण केलं. म्हणाला, तरुणांनो, अन्याय दिसला की गप्प बसू नका, उभे राहा, विचारा. टाळ्या लय पडल्या. वॉर्डनबाईंनी सगळ्यात जास्त वाजवल्या.

मग जेवण मेसमध्ये. माझ्या शेजारी एक पोरगी येऊन बसली. जिंतूरकडच्या खेड्यातली, बोलायला तिखट. तिच्या ताटाला माझं टिंब.

मी सहज म्हणलं, "अंडं घेतलं न्हाईस माय?"

"अंडं? शी! मला वासानंच मळमळतं बाबा."

"मग हे ताट?"

"वर्षाच्या सुरवातीला यादी वाचून दिलंय. मला वाटलं असंच काहीतरी नंबराचं असंल."

मी मान वर करून बघितलं. टिंबाची ताटं कुणाकुणापुढं आहेत ते बघत गेलो, कोण कुणाची ते तिला विचारत गेलो. ही पोरगी आमच्यातली. पलीकडं डोक्याला ओढणी घेतलेली मुसलमानाची पोर. ती लमाणी घागऱ्यातली. एक पारध्याची. आणि समोर एका डॉक्टराची मुलगी दोन-दोन अंडी सोलून खात होती, बिनटिंबाच्या ताटात.

हातातला घास मी ताटात ठेवला. कोनाडा गेला न्हाई, मनाशी म्हणलं. कोनाडा ताटाच्या काठावर आला. आणि खोदला कुणी, तर मी.

पोरगी हुशार. माझे प्रश्न ऐकून तिनंही मान वर केली, आणि तिला सगळं दिसलं. दुसऱ्या दिवसापासून पोरी मेसच्या दारात ताटं पालथी घालून बसल्या. नुसत्या टिंबवाल्या नाही, बाकीच्याही आल्या. ती अंडी खाणारी पण आली, हे मी मुद्दाम लिहितो.

'उभे राहा, विचारा'ला टाळ्या वाजवणाऱ्यांना पोरी खरंच उभ्या राहिलेल्या सोसल्या नाहीत. नोटीस निघाली. म्हणे या पोरींनी विद्यापीठाची बदनामी करायला खिळ्यानं स्वतःच टिंबं खरडली. जिंतूरच्या पोरीला खोली खाली करायला सांगितली. खोली गेली की तिचं शिक्षण गेलं. गावाहून रोज ये-जा होण्यासारखी एस.टी. नाही, आणि बाप म्हणत होता, परत ये, पोरगा बघून ठेवलाय.

ती ताट घेऊन, विचारत-विचारत बाजारातल्या माझ्या ओट्यावर आली. "बाबा, खरं सांगा. हे टिंब तुमचं हाय का?"

बाजार भरलेला. आजूबाजूचे दुकानदार कान टवकारून. असलं घाण काम मी केलं असं चारचौघांत कसं म्हणायचं? माझ्या तोंडून निघालं, "न्हाई."

तिनं ताट पदरात झाकावं तसं ओढणीत धरलं आणि गेली.

घरी जाऊन पाणी प्यायला तांब्या उचलला, वडलांचाच. तसाच खाली ठेवला. खोट्यानं उष्ट्या झालेल्या तोंडानं त्या नावाला शिवू नये असं वाटलं.

सकाळी छन्नी-हातोडी पिशवीत टाकली आणि पोरींच्या चौकशीला बसवलेल्या समितीपुढं जाऊन उभा राहिलो. टेबलापलीकडं चार साहेब आणि वॉर्डनबाई. पोरगी कोपऱ्यात उभी.

"ही टिंबं माझ्या हातची हायत," मी म्हणलं. "या बाईंच्या हुकमानं टाकली."

वॉर्डनबाई म्हणाल्या, "मी यांना ओळखत नाही."

एक साहेब हसला. "आजोबा, वय झालं. टिंब हे टिंब असतं. तुमचं कशावरून? तुम्हाला वाचता तरी येतं का?"

"तुमच्यापुढं चहा ठेवलाय तो ट्रे स्टीलचा हाय ना?"

"असेल. का?"

मी कप खाली उतरवले, ट्रे ओढला आणि काठावर छन्नी धरून हातोडी हाणली. एकच. खोलीत सगळे दचकले. मग पोरीच्या हातातलं ताट घेऊन ट्रेशेजारी ठेवलं.

"बघा. दोन्हीला शेपटी हाय. आता तुमी खिळा घ्या आन् अशी काढून दावा. मी इथंच बसतो."

कुणी खिळा मागवला नाही. सगळे ट्रेकडं बघत राहिले, मला वाटतं पोरीकडं बघावं लागू नये म्हणून. शेवटी मोठे साहेब म्हणाले, "गैरसमज झालेला दिसतो." नोटीस मागं घेतली. माफी कुणी मागितली नाही. वॉर्डनबाई जागच्या जागी आहेत.

बाहेर आल्यावर मी पोरीला म्हणलं, "काल मी खोटं बोललो माय."

"माहीत हाय. ताटाकडं न बघताच न्हाई म्हणलात तुमी."

साहेब ती ताटं भंगारात घालायला निघाले होते. पोरी म्हणाल्या, घालायची नाहीत, उरलेल्या ताटांवर पण टिंब टाका, सगळ्यांवर. मी मेसच्या ओसरीवर बसलो आणि टाकली. वॉर्डनबाईंच्या ताटावरसुद्धा, जरा जोरात. तेवढ्या वेळात कुणीतरी फोटो काढला, आणि आता तोच विद्यापीठाच्या दारावर मोठा करून लावलाय. खाली लिहिलंय, 'आम्ही सारे एक.' जणू त्यांनीच मला ते करायला बोलावलं होतं! तोंडानं पोरींचं खाणं वेगळं करायचं आणि त्याच तोंडानं हे गायचं. कीड लागलेलं फळ धुऊन पाहुण्यापुढं ठेवावं तसं.

मागच्या आठवड्यात ती पोरगी दारातच भेटली. परीक्षेला चालली होती. मला त्या फलकाकडं बघताना बघून म्हणाली, "सोडा ना बाबा. मी आत हाय, तेवढं बघा."

ती आत गेली. मी बघितलं. मग वळलो आणि फलकाखाली थुंकलो.