रुजवात घेणार

आमच्या शाळेतली निम्म्याहून जास्त पोरं एक जूनला जन्मलेली होती. खरी तारीख कुणाला ठाऊक नसायची. बाप पोराला हाताला धरून आणायचा, गुरुजी पोराकडं एकवार बघायचे, त्याचा हात डोक्यावरून कानाला लावून बघायचे आणि वयाच्या अंदाजानं एक जून टाकून मोकळे व्हायचे. पुढं ती पोरं म्हातारी होईपर्यंत एक जूनचीच राहायची. यात कुणाला काही वावगं वाटत नसे, मलाही नाही.

मी मूळची काष्टीची. बाजाराच्या गावात वाढलेल्या माणसाचा आवाज मोठा आणि धीर छोटा, तसंच माझं. जामखेड तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत माझी नेमणूक झाली ती ऐन दुष्काळात. दुसरे शिक्षक म्हणजे मोठे गुरुजी. सोनईकडचे, ख्रिस्ती, पन्नाशी ओलांडलेले. बोलणं मोजकं, आणि कागदपत्रांच्या बाबतीत इतके चिकट की माझा जीव मेटाकुटीला यायचा. जनरल रजिस्टर तर त्यांचा प्राण. मूल शाळेत आलं की त्याचं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख त्यात चढायची, आणि शाळा सोडल्याचा दाखला द्यायचा तो त्यावरूनच. म्हणून त्याची अख्खी नक्कल ते तीन कोसांवरच्या दुसऱ्या गावच्या शाळेत ठेवायचे.

"बाई, एका छपराखाली दोन प्रती ठेवल्या तर ती एकच प्रत," असं ते म्हणायचे.

"तिथंही छप्परच आहे, गुरुजी," मी म्हणायची.

"पण दुसरं आहे," एवढंच उत्तर यायचं.

पहिल्याच वर्षी जुनी नक्कल चिंध्या होऊन टाकून द्यावी लागली म्हणून सगळं रजिस्टर नव्यानं उतरवायचं काम माझ्याकडं आलं. एप्रिल महिना, पत्र्याची शाळा, आणि गुरुजी आई आजारी म्हणून आठवडाभर सोनईला गेलेले. डाव्या पानावर नावं, उजव्या पानावर तारखा. घाम टपटप गळत होता आणि मी दात-ओठ खात लिहीत होते. प्रत्येक पानाखाली दोन सह्यांच्या जागा होत्या. एक 'नक्कल करणार', दुसरी 'रुजवात घेणार'. रुजवात म्हणजे एकानं मूळ मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं नकलेतल्या ओळीवर बोट ठेवून ताडून बघायचं. गुरुजी सांगून गेले होते की कुणालातरी समोर बसवा. मी कुणाला बसवलं नाही. दोन्हीकडं माझीच सही ठोकली आणि चहा टाकला.

पुढच्या वर्षी जूनच्या शेवटाला, एका बुधवारी, एक मुलगी आईबरोबर शाळेत आली. तीन-चार वर्षांपूर्वी आमच्याच शाळेतून सातवी झालेली. आई विधवा, दुष्काळी कामावर खडी फोडणारी. मुलीला नगरला नर्सिंगच्या शिक्षणासाठी बोलावलं होतं. शनिवारी दाखला घेऊन हजर व्हायचं होतं आणि सतरा वर्षं पूर्ण असल्याशिवाय घेणार नव्हते.

"बाई, एवढा कागुद द्या," आई म्हणाली. "पोरगी खडी फोडन्यातनं सुटंल."

मी कपाट उघडलं. रजिस्टर जागच्या जागी उभं, लाल पुठ्ठा, पाठीला कापडी पट्टी. हातात घेतलं तर वजनच लागेना. उघडलं आणि पायावर माती सांडली. वाळवीनं आतून सगळं खाल्लं होतं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय. मी पुठ्ठा झटकला, धड एक पान निघालं नाही. आई नुसती मातीकडं बघत राहिली. मुलगी मात्र रडायला लागली.

मोठे गुरुजी आले, पुठ्ठ्यात बोट घालून बघितलं आणि सायकलला टांग मारली. दुपारी नक्कल फडक्यात गुंडाळून घेऊन आले. काय सांगू, त्या दिवशी मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. आता झालंच काम, असं म्हणून मी दाखल्याचा कोरा कागद पुढं ओढला.

नकलेत मुलीचं नाव सापडलं. समोरची तारीख होती एक जून. साल बघून गुरुजींनी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. "सोळा भरतात," ते म्हणाले. "सतराला एक वर्ष कमी."

आई एकदम म्हणाली, "एक जून न्हाई. माजी पोर पोळ्याच्या दिवशी झाली. बैलं दारात हुती, अन् मी आत. तवाच्या गुरुजींनी मला इचारून, पंचांग बघून लिवलं हुतं."

"साल कोणतं?" गुरुजींनी विचारलं.

"येशीम्होरच्या हिरीला पानी लागलं ते साल."

विहिरीच्या दगडावर साल कोरलेलं होतं ते सगळ्या गावाला ठाऊक. गुरुजींनी जोशीबुवांकडून त्या सालचं पंचांग मागवलं. पोळा ऑगस्टच्या शेवटाला पडला होता. त्या हिशेबानं मुलगी सतरा पुरी करून अठराव्यात होती. पण कागदावर तसं नव्हतं, आणि आईच्या तोंडी सांगण्यावर दाखला देता येत नव्हता. गुरुजी म्हणाले, "नक्कल खरी धरायची की हिच्या आईचं म्हणणं? माझ्या हातात नक्कल आहे."

मी ते पान निरखत होते. एका तारखेवर नजर थांबली. पोळ्याचीच ती तारीख, तेच साल, पण मुलीच्या वरच्या ओळीत, एका मुलाच्या नावासमोर. घोडं कुठं पेंड खातंय ते मला तिथंच कळलं. आणि त्याच क्षणी एप्रिलमधली ती दुपारही आठवली. पान संपलं तेव्हा शेवटच्या नावासमोर लिहायला तारीखच उरली नव्हती. मी काय केलं होतं? मागं वळून न बघता तिथं एक जून टाकून दिली होती.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मला काय कुणी शिकवायला नको होतं. नोकरी कायम व्हायची होती. गप्प बसले असते तर वाळवीच्या नावावर खपून गेलं असतं. ती मुलगी भिंतीला टेकून उभी होती, डोळे सुजलेले, आणि हातांवर खडीचे ओरखडे. मला माझीच लाज वाटली.

"गुरुजी, चूक माझी आहे," मी म्हणाले. "मी तारखांची एक ओळ गाळलीय. तिथून खाली सगळ्या तारखा एकेक ओळ वर सरकल्यात. शेवटची तारीख मी मनानं घातली. आणि रुजवात घेतलीच नाही."

गुरुजींनी पानाखालच्या सह्यांवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "दोन्ही सह्या एका हाताच्या, हे मी सोनईहून आलो त्या दिवशीच बघितलं होतं. बघून गप्प बसलो. तेव्हा निम्मी चूक माझी." आणि टोपी काढून खुंटीला लावली. "चला, आता रुजवात घेऊ."

गुरुवारी सकाळी त्यांनी त्या पानावरच्या सगळ्यांना बोलावणं धाडलं. जे गावात होते ते स्वतः आले, बाकीच्यांच्या आया आल्या. शाळेच्या ओट्यावर सगळे बसले. मी नाव मोठ्यानं वाचायची, गुरुजी ज्याला त्याला विचारायचे, जुन्या हजेरीत बघायचे, दिलेल्या दाखल्यांच्या स्थळप्रती चाळायचे. वरच्या दहा ओळी जुळल्या. अकराव्यापासून बिघडलं. दहावा आणि अकरावा चुलतभाऊ, दोघंही एकाच सालच्या एक जूनचे. एकसारख्या दोन तारखा एकाखाली एक होत्या, त्यातली एकच मी उतरवली होती. म्हणजे गळालेली तारीखही एक जूनच! ते कळल्यावर ओट्यावर जो हशा पिकला, त्यात मीही हसले. काहीच हरवलं नव्हतं. ती तारीख परत घातली, खालच्या सगळ्या एकेक ओळ उतरवल्या, आणि शेवटच्या नावासमोर मी ठोकलेली एक जून गुरुजींनी लाल शाईनं खोडली. पोळ्याची तारीख बरोबर मुलीच्या नावासमोर येऊन बसली. आता दाखला द्यायला अडचण नव्हती.

एक म्हातारी म्हणाली, "बाई, तुमी तर आख्ख्या गावाचं वय बदललं हुतं की." मी म्हणाले, "आजी, तुमचं कमी केलं असतं तर चाललं असतं ना?" ती म्हणाली, "मंग काय."

नवीन रजिस्टरात ते पान मी पुन्हा लिहिलं, या वेळी एकेक ओळ बोलून. खाली 'नक्कल करणार'समोर सही केली आणि पेन गुरुजींपुढं धरलं. त्यांनी घेतलं नाही.

"ज्यानं रुजवात घेतली त्यानं सही करायची," ते म्हणाले, आणि शाईचा पॅड मुलीच्या आईपुढं सरकवला. "या पानाची चूक तुम्ही धरलीत. मी खाली साक्षीला राहतो."

आईनं पदराला हात पुसले. अंगठा पॅडवर ठेवला, उचलला, पण टेकवेना. मला म्हणाली, "बाई, वाचा की एकदा, माज्या पोरीची वळ."

मी वाचली. नाव, बापाचं नाव, गाव, पोळ्याची तारीख, साल. तिनं मान डोलावली आणि 'रुजवात घेणार'समोर अंगठा नीट दाबून धरला.

"लई ठिकानी अंगठा दिला आजवर," ती म्हणाली. "काय लिवलंय ते म्हाईत हाय, असा ह्यो पयलाच."