आबांना माती दिली तो दिवस

आमच्या गावात चर्च व्हायच्या आधी मिस्सा, म्हणजे फादरांनी करायची उपासना, आमच्याच घरी व्हायची. फादर बीडकडून मोटरसायकलवर यायचे. घरातल्या लोखंडी पेटीवर आई धुतलेली चादर अंथरायची, तीच वेदी. वस्तीतली माणसं अंगणापर्यंत बसायची. पुढं माळावर चर्च उभं राहिलं, त्याचे दगड याच माणसांनी वाहिले. फादर तिथंच राहायला आले. शेजारी सिस्टरांनी दवाखाना काढला. मराठ्यांच्या, मुसलमानांच्या लेकीबाळी बाळंतपणाला तिथंच यायच्या.

माझे वडील, आबा, या चर्चचे मास्तर. फादर नसले की रविवारची प्रार्थना तेच घेत. कुणी वारलं आणि फादरांना यायला जमलं नाही, तर मातीही तेच देत.

मग एकेक घर पुण्याला गेलं. मीही गेलो. सिस्टर गेल्या, दवाखान्याला कुलूप लागलं, आणि राहते फादरही राहिले नाहीत. महिन्यातून एखादी मिस्सा व्हायची. बाकीच्या रविवारी आबा घंटा वाजवायचे आणि कधी कधी समोर सतरंजीवर एकटी आई असायची. तरी ते सगळी प्रार्थना घ्यायचे. मी एकदा म्हणालो, दोघंच आहात तर घरीच म्हणत जा.

"घरी म्हणली तर आपली हुती," आबा म्हणाले. "तिथं म्हणली की समद्यांची."

दोन वर्षांमागं भाद्रपदात आबा गेले. त्या आठवड्यात पाऊस थांबतच नव्हता. फादर निघाले होते, पण पुलावरून पाणी चाललं होतं. पलीकडच्या काठावरून त्यांनी फोन केला, सकाळपर्यंत थांबता येईल का विचारलं. थांबण्यासारखं नव्हतं. आबांचे जिवलग, नाक्यावरचे मुसलमान मिस्त्री, आपल्या पोरांना घेऊन कबरीच्या खड्ड्यातलं पाणी उपसत होते. ते उपसायचे आणि पुन्हा पाणी साचायचं.

प्रार्थनेचं पुस्तक माझ्या हातात होतं. दोन ओळींनंतर मी अडलो. मी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडलो. तेव्हा मागून आईचा आवाज आला. तिला वाचता येत नाही. आबांचं ऐकून ऐकून पाठ झालेली ती प्रार्थना ती म्हणू लागली, ते जिथं श्वास घ्यायचे तिथंच श्वास घेत. म्हणता म्हणता ती थांबली. पुढं मेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं होतं.

आईनं आबांचं नाव कधीच घेतलं नव्हतं. आमच्याकडं बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी हळूच म्हणालो, मी घेतो. तिनं मानेनंच नको म्हटलं. पदर डोक्यावर नीट घेतला आणि नाव घेतलं, अगदी स्पष्ट. मग पुढची प्रार्थना न अडखळता पुरी केली.

पूर ओसरल्यावर फादर आले. चिखलात उभे राहून ते आईला म्हणाले, "माई, मला पोहोचता आलं नाही. आता विधी करू का?"

"करा की, फादर," आई म्हणाली. "फकस्त त्यांचं नाव परत मला घ्याया लावू नका."

नंतर मी तिला पुण्याला आणलं. माळावरचं चर्च आता नाताळाला तेवढं उघडतं. इथल्या मोठ्या चर्चमध्ये दर रविवारी बसायला जागा नसते. आई शेवटच्या बाकावर बसते. घरी येताना रिक्षात म्हणते, हितं प्रार्थना लई लवकर सरती, मधी कुणी श्वासबी घेत न्हाई.