तिसऱ्या बटणावरची प्रेक्षक

ऑफिसात त्याला पाठीमागे ‘गुरुवारसाहेब’ म्हणत. कुठलं चॅनल किती लोकांनी बघितलं, याचे आकडे गुरुवारी सकाळी अकराला यायचे आणि त्या दिवशी त्याच्याबरोबर लिफ्टमध्ये शिरायला कोणी धजत नसे. आकडे चांगले आले की तो सगळ्या मजल्याला कॉफी पाजायचा. वाईट आले की कुणाला तरी घरी पाठवायचा, कायमचं.

कॅसेटी उचलण्यापासून सुरुवात केलेला माणूस. पहिली चार वर्षं मोठ्या बहिणीच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली पाय सारून झोपत काढली. भाऊजी शाळेची प्रयोगशाळा सांभाळायचे, ताई रेडिमेड कपड्यांच्या दुकानासाठी पँट्स आखूड करायची. ताईच्या सासूबाई संध्याकाळी टीव्हीसमोर बसून मालिकेतल्या माणसांचा उद्धार करायच्या. हा बाजूला बसून जेवता जेवता बघायचा, म्हातारी कुठे कंटाळून उठते आणि कुठे हातातला पेला हातातच राहतो. पुढे मीटिंगांमध्ये तो जे बोलला आणि लोक ज्याला प्रेक्षकांची नाडी ओळखणं म्हणाले, ते बरंचसं त्या म्हातारीकडून उचललेलं होतं. श्रेय द्यायची पद्धत त्या धंद्यात नाही.

वीस वर्षांत तो कार्यक्रमांचा प्रमुख झाला. टेकडीच्या उतारावर चार मजली घर, घरात लिफ्ट, खाली तीन गाड्या. ताईकडे जाणं वर्षातून एकदा, मग तेही फोनवर. राहिली होती फक्त सगळ्यात वरची खुर्ची आणि तिच्याबरोबर मिळणारे कंपनीचे शेअर. अट एकच होती. साडेआठची मालिका लागोपाठ सहा महिने पहिल्या नंबरावर राहिली पाहिजे.

त्याच सुमारास ताईचा फोन आला.

“छोट्या, आमच्या टीव्हीला डबी बसवून गेलेत. कोण काय बघतं ते मोजणारी. कुणाला सांगायचं नाही म्हणाले, पण तू काय परका आहेस?”

अशा डब्या मोजक्याच घरांत असतात आणि एकेक घर हजारो घरांच्या वतीनं धरलं जातं. घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर एक बटण. टीव्हीसमोर बसलं की आपलं बटण दाबायचं. ताईच्या घरी पहिलं भाऊजींचं, दुसरं ताईचं, तिसरं सासूबाईंचं. टीव्हीच्या धंद्यातल्या माणसाच्या नातेवाइकाकडे डबी बसवायची नाही, हा नियम होता. चॅनलांच्या शिस्त समितीत बसून तो त्यानंच लिहिला होता. ताईचं आडनाव लग्नानंतर बदललेलं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. डबी परत कर, एवढंच त्यानं सांगायला हवं होतं.

तो म्हणाला, “साडेआठला आमचंच लावत जा.”

“साडेआठला ह्यांचं जेवण असतं रे.”

“जेवा की. टीव्ही चालू ठेव आणि तिन्ही बटणं दाब. तिसरं विसरू नकोस, म्हातारी माणसं आम्हाला कमी पडतायत.”

“सासूबाई आठलाच झोपतात हल्ली.”

“झोपेत बघत नसतील कशावरून?”

दोघंही हसली. कित्येक वर्षांनी एकाच गोष्टीवर हसली.

एका घरानं मालिका पहिली येत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. पण पहिल्या-दुसऱ्यातला फरक केसाएवढा होता आणि घर केसापेक्षा जाड असतं.

पाचव्या महिन्यात सासूबाई गेल्या. गुरुवार होता. त्यानं ड्रायव्हरच्या हाती फुलं पाठवली आणि दुपारी, आकडे बघून झाल्यावर, फोन केला.

“कशा गेल्या?”

“झोपेतच.”

“सुटल्या. हाल झाले नाहीत.” मग म्हणाला, “ताई, तिसरं बटण महिनाभर तसंच चालू दे. एकदम बंद पडलं तर डोळ्यावर येईल. एवढाच महिना.”

ताईनं फोन ठेवला. पण संध्याकाळी तिनं बटण दाबलं. आठ वाजून एकोणतीस मिनिटांनी, असं पुढे अहवालात आलं.

तीन आठवड्यांनी मोजणी कंपनीचा तपासनीस सहज फेरीवर आला. आजी कुठे आहेत, असं त्यानं जिन्यातल्या शेजारणीला विचारलं आणि तिनं सांगून टाकलं. अहवाल शिस्त समितीपुढे आला. त्यात नाव नव्हतं, घराचा नंबर होता आणि मृत्यूची तारीख. तारीख वाचताच त्यानं घर ओळखलं.

दुसऱ्या चॅनलचा प्रमुख त्याच्याकडे वळून म्हणाला, “कमाल आहे तुमच्या मालिकेची. माणूस मेला तरी उठत नाही.”

टेबलाभोवतीचे सगळे हसले. तोही हसला, इतरांपेक्षा जरा जास्तच वेळ. हसू ओसरलं तशा नजरा त्याच्यावर थांबल्या, कारण फायदा कोणाचा झाला हे अहवालातच होतं.

“पोलिसांत तक्रार करा,” तो म्हणाला. “आणि बातमी आम्हीच पहिली लावू. आमच्याकडे बोट दाखवायची वेळ कुणावर येऊच नये.”

बाणेदारपणा म्हणतात तो हाच, असं सगळ्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी वृत्तसंपादकाचा फोन आला. “साहेब, बाई सापडली. तोंडसुद्धा लपवलं नाही तिनं. म्हणते, सासूबाई कधी गेल्या ते तुमच्या साहेबांना विचारा, त्यांना वारही आठवत असेल. डोक्यावर परिणाम झालेला दिसतोय. ठेवू की कापू?”

“काप.”

“आणि चेहरा? झाकायचा का?”

“बाकीच्यांचे झाकतो का आपण?”

“नाही.”

“मग?”

ताईचा चेहरा दिवसभर दर अर्ध्या तासानं दाखवला गेला. दुकानानं शिवायचे कपडे पाठवणं बंद केलं. शाळेत भाऊजींना, काही दिवस घरीच थांबा, असं सांगण्यात आलं. पोलिसांनी ताईला दोनदा बोलावलं. बटण कोणाच्या सांगण्यावरून दाबलं, या प्रश्नाला तिनं दोन्ही वेळा ‘माझ्याच मनानं’ असं उत्तर दिलं.

ते घर मोजणीतून वगळूनही मालिका पहिलीच राहिली. ताईची गरजच नव्हती, हे त्याला अशा रीतीनं कळलं. खुर्ची मिळाली, शेअर मिळाले. एका मासिकानं त्याच्या संपत्तीचा अंदाज छापला. अंदाज कमी होता, पण त्यानं दुरुस्त करायला सांगितलं नाही.

नव्या केबिनमधून त्यानं ताईला फोन लावला. भाऊजींनी उचलला.

“ती इथंच बसली आहे,” ते म्हणाले. “बोलायचं नाही म्हणते. तुमचं काम काय होतं?”

कामाशिवाय आपण या घरी शेवटचा फोन कधी केला होता, हे त्याला आठवेना.

“काम काही नव्हतं.”

भाऊजींनी शेजारी ताईला सांगितल्यासारखं म्हटलं, “काम नाही म्हणतो.” आणि फोन ठेवला.