शुक्रवार दुपारची मालिका

सिनेमा संपला की लोक उठतात. मी उठत नाही. पडद्यावर नावांची यादी सरकत असते, सफाईवाल्या बाई माझ्या खुर्चीखालचे पॉपकॉर्न झाडत ‘काका, पाय’ म्हणतात, मी पाय वर घेतो, पण नजर हलवत नाही. या कॉमिकवाल्या सिनेमांनीच ही सवय लावली. गोष्ट संपली असं सांगायचं आणि यादीच्या तळाशी हळूच एक तुकडा दाखवायचा, की तो मेला म्हणालो होतो ना, तो काही मेलेला नाही, पुढच्या वर्षी या. प्रत्यक्षात कुणी असं वागलं तर आमच्या गल्लीत त्याला चहाच्या टपरीवर शेजारी बसू देणार नाहीत.

तरी मी प्रत्येक सिनेमा बघतो, आणि तोही पहिल्या आठवड्यात. बायको म्हणते, एवढा राग येतो तर जाता कशाला? राग येतो म्हणूनच जातो, हे तिला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

माझी मुख्य तक्रार तारेबद्दल आहे. लहानपणी दर रविवारी सकाळी एक मालिका लागायची. तिचा नायक दिवसभर एका बोळात घड्याळं दुरुस्त करायचा. कुणावर संकट आलं की चष्मा काढायचा, अंगाभोवती झूल घ्यायचा आणि उडायचा. ती झूल कुणाच्यातरी घरचा पडदा होती हे आम्हा पोरांनाही कळायचं. तो उडायच्या आधी त्याच्या कमरेशी तार दिसायची, चांगली जाड. तार ताणली गेली की आम्ही ओरडायचो, ‘आता निघाला!’ आणि तो निघायचा. फसवल्यासारखं कुणालाच वाटायचं नाही. हा एक माणूस आहे, त्याला तारेला लटकवलाय आणि तो त्याच्या परीने करतोय, एवढं सरळ प्रकरण. आताच्या सिनेमात अख्खं शहर कोसळतं, माणसं ढगातून आरपार जातात आणि तार कुठेच नाही. ज्याची तार दिसत नाही त्याचा मला पहिल्यापासून संशय येतो. सिनेमाचाही आणि माणसाचाही.

त्या नायकाकडे शक्ती एकच होती. सहा मोजेपर्यंत तो वेळ थांबवू शकायचा. डावा हात वर करून एकेक बोट उघडत, एका ठरलेल्या चालीत मोठ्यांदा मोजायचा आणि सहाव्या आकड्याला उजवा अंगठा वर. मास्तरांनी छडी उगारली की मी बाकाखाली बोटं उघडायचो. छडी काही थांबायची नाही, पण चाल आजही तोंडात आहे.

त्या वेडातूनच मी टीव्ही दुरुस्तीत आलो. भिवंडीत माझं दुकान आहे, अजून चालतं. बाजूला लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, मागे लूम, समोर लूम. त्या खडखडाटात ऐकू यावं म्हणून इथे प्रत्येक घरात टीव्हीचा आवाज फुल, म्हणून इथे टीव्हीचा स्पीकर आधी जातो. बाकी कशात नसेन, पण आवाजाच्या कामात मी उस्ताद आहे. ‘अर्धं काम टाकून मी कधी उठलो नाही,’ हे वाक्य मी गिऱ्हाइकांना इतक्या वेळा ऐकवलंय की माझाही त्यावर विश्वास बसला होता.

गेल्या वर्षी मुलीसाठी एक स्थळ आलं. मुलगा मानकोलीच्या एका गोडाऊनमध्ये शिफ्ट सुपरवायझर, घर वळ गावात, आईवडिलांना एकुलता एक. वडील पूर्वी लूमवर जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग ठीकठाक करणारे. आई हसतमुख, दोनदा पोहे मागून घेणारी. सगळं इतकं बरोबर होतं की मी सावध झालो.

‘आवड कशाची?’ मी मुलाला विचारलं.

‘सिनेमे बघतो काका. सुपरहिरोवाले. आणि जुन्या सिरियली.’

झालं. मध्यस्थाने याला पढवून आणलाय, हे मी तिथेच ओळखलं. मुलीच्या बापाला काय आवडतं ते विचारून यायचं आणि तेच आपलं म्हणून सांगायचं, ही युक्ती मी माझ्या सासऱ्यांवर वापरली होती. त्यांना भजन आवडायचं.

मी त्याला सहज म्हणून घड्याळवाल्याबद्दल विचारलं. त्याचे डोळे चमकले. झूल कोणत्या रंगाची, चष्मा कुठल्या खिशात, खलनायकाचा कोणता पाय लंगडा, सगळं धडाधड सांगितलं. जरा जास्तच धडाधड. मग मी विचारलं, ‘वेळ थांबवायच्या आधी तो काय करायचा?’

‘बोटं उघडायचा. एकेक. हाका मारायचा ना.’

‘हाका?’

‘हां. म्हणजे... नावं घ्यायचा.’

माझ्या हातातला चहा हातातच राहिला. ज्याने ती मालिका एकदा जरी बघितली असेल त्याला माहीत असतं की तो मोजायचा. सगळी मालिका त्या मोजण्यावर उभी होती. ‘तू कधी बघायचास रे? तुझ्या जन्माच्या आधीच संपली की ती.’

‘रिपीट लागायचं काका. शुक्रवारी दुपारी.’

‘कुठे होतात तेव्हा?’

‘इथेच, भिवंडीत. भाड्याने राहायचो.’

त्याची आई पोह्यांकडे बघत होती. बाप खिडकीकडे. मी गोड हसलो आणि लाडू पुढे केले.

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. आमच्याकडे शुक्रवार म्हणजे लूमची सुट्टी. रविवारी सगळं चालू, शुक्रवारी बंद. आणि लूम बंद म्हणून लाइनच्या दुरुस्तीला शुक्रवारीच सकाळी लाइट काढायचे, ती यायची संध्याकाळी. तेव्हा मी शुक्रवारी दुकान उघडायचो नाही, बाहेरची कामं करायचो. लाइटच नाही तर टीव्हीवाल्याने उघडून करायचं काय? आणि हा पठ्ठ्या म्हणतो, दर शुक्रवारी दुपारी भिवंडीत बसून मालिका बघायचो.

मंडळी गेली तसा मी निकाल दिला. ‘मुलगा खोटं बोलतो. यांना काहीतरी लपवायचंय.’

‘सिरियलीवरून स्थळ मोडता?’ बायकोने कपाळावर हात मारला.

‘आज सिरियल आहे, उद्या आणखी काही असेल.’

मला खरंच आनंद झाला होता, कबूल करतो. इतकी वर्षं सिनेमे बघून जे जमलं नव्हतं ते जमलं होतं. मी तार पकडली होती. बशा गोळा करता करता मी बायकोला सगळं पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगत होतो, तेवढ्यात मुलगी आतून येऊन समोर बसली.

‘पप्पा, तो खोटं नाही बोलला. आम्ही महिनाभर फोनवर बोलतोय, मला माहितीये सगळं.’ मग तिने सांगितलं. मुलगा आठ-नऊ वर्षांचा असताना आईला टीबी झाला होता. शहराबाहेर एक धर्मादाय दवाखाना होता, तिथे ती कित्येक महिने होती. बापाला सुट्टी शुक्रवारी, मुलाची शाळा सकाळची. म्हणून दर शुक्रवारी दुपारी दोघं तिला भेटायला जायचे. मुलाला आत सोडत नसत. बायकांच्या वॉर्डाबाहेर व्हरांड्यात टीव्ही होता, तो तिथे बसायचा. दवाखान्याला जनरेटर होता.

मी चिडलो. ‘मग हे आधी सांगायला काय झालं होतं?’

‘तोच सांगणार होता. मी नको म्हटलं.’

‘तू?’

‘घरात कुणी दोनदा खोकलं तर तुम्ही त्याचं ताट वेगळं ठेवता पप्पा. तुम्ही आधी नाही म्हणता आणि मग कारण शोधत बसता. आई पूर्ण बरी आहे त्याची, वीस वर्षं झाली. पण तुम्हाला सांगितलं असतं तर त्यांना घरातही बोलावलं नसतंत.’ तिने माझ्या हातातल्या बशा काढून घेतल्या. ‘मला त्याच्याशीच लग्न करायचंय. तुम्ही नाही म्हणालात तरी. पण तुम्ही हो म्हणावं असं मला फार वाटतं.’

माझ्या मुलीने मला न सांगायचं ठरवलं होतं. मला फार लागलं ते. आणि तिचं बरोबर आहे हे कळत होतं, त्याने आणखी लागलं. तरी खोड जात नाही. मी विचारलं, ‘पण हाका मारायचा म्हणतो, त्याचं काय? एवढी मालिका बघितली आणि मोजतोय हे ऐकू नाही आलं?’

‘त्या टीव्हीला आवाज नव्हता. चित्र दिसायचं नुसतं. कुणी मेकॅनिक आला होता म्हणे, आवाजाचं राहिलं ते राहिलंच.’

मी उठून बाल्कनीत गेलो. बायकोला वाटलं रागावलो. मी रागावलो नव्हतो. मला तो व्हरांडा दिसत होता.

वीस वर्षांपूर्वीचा शुक्रवार होता. मी बाहेरची कामं करत फिरत होतो आणि त्या दवाखान्यातून निरोप आला होता, टीव्ही पूर्ण बंद आहे. कसला दवाखाना ते गेटवरची पाटी वाचल्यावर कळलं. परत फिरायची लाज वाटली म्हणून खिशातला रुमाल नाकातोंडावर बांधला आणि आत गेलो. जनरेटर धडधडत होता. दाराशी बायका बसल्या होत्या, त्यातली एक खोकत होती. मी श्वास चोरत डबा उघडला, सोल्डर मारला, चित्र आणलं. आवाज नव्हता. स्पीकर गेला होता, पंधरा मिनिटांचं काम, आणि स्पीकर माझ्या पिशवीत होता. मी म्हणालो, मागवावा लागेल. पुन्हा गेलो नाही. तो रुमाल घरी येईपर्यंतही ठेवला नाही, वाटेत नाल्यात टाकला. तिथे शुक्रवारी लाइट असते हे मला माहीत होतं. माझ्याच हाताने मी तो टीव्ही चालू केला होता, आणि तरी त्या पोराला मी खोटारडा ठरवलं.

हे मी मुलीला सांगितलं नाही. ‘ठीक आहे, पुढचं बोलू’ एवढंच म्हणालो. तिने मला मिठी मारली.

पंधरा दिवसांनी आम्ही होकार द्यायला वळ गावी गेलो. गोडाऊनच्या कंटेनरांमधून वाट काढत पोचायला दुपार झाली. वातावरण हलकं करायला मी मोबाईलवर घड्याळवाल्याचा एक भाग लावला. आता सगळं सापडतं, तारेसकट. आवाज मोठा केला. नायकाने हात वर केला आणि मोजायला लागला, त्याच चालीत.

मुलाची आई पदर तोंडाला लावून हसली. ‘मोजतोय व्हय त्यो! आनी तू आमच्या नावाच्या हाका मारीत व्हतास.’

मुलगा लाजला. मग त्याच्या आईनेच सांगितलं. आवाज नव्हता म्हणून हा व्हरांड्यात उभा राहून सगळ्यांचं बोलणं स्वतःच करायचा, नायकाचं, खलनायकाचं, पोलिसाचंसुद्धा. वॉर्डात सहा खाटा. नायकाने बोटं उघडायला सुरुवात केली की हा एकेका बोटाला एकेका बाईचं नाव घ्यायचा. ‘आमी वाट बगायचो, आपलं नाव कंदी येतं. येका शुक्रवारी पाचच घेतली त्यानं. सावी खाट रिकामी झाल्याली. त्यो मानूस पडद्यावर आंगठा वर करून उबा आनी ह्यो गप.’

मी मोबाईल बंद केला.

‘तो मेकॅनिक,’ मी विचारलं, कारण न विचारता बसवेना, ‘पुन्हा आलाच नाही?’

‘न्हाय. रुमाल बांधून आल्याला. जाम उकाडा, घामानं भिजलेला. मी त्याला पानी दिलं. घेतलं न्हाय त्यानं. म्हनला, मंग पितो.’ ती सहज सांगत होती, तिच्या आवाजात राग नव्हता. ‘भ्यालेला बिचारा. मला तवा लय वाईट वाटलं, पन. पानीच व्हतं नुसतं.’

पाणी मला आठवत नव्हतं. बाकी सगळं आठवत होतं, स्पीकर, रुमाल, नाला. पाण्याचं तेवढं मी बरोबर पुसून टाकलं होतं.

ती उठली आणि आतून तांब्या आणि पेला घेऊन आली. उन्हातून आलेल्या व्याह्याला पाणी द्यायचं म्हणून आणलं, की आणखी कशासाठी, ते मला समजलं नाही. तिने पेला भरून माझ्यासमोर धरला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. रुमालाच्या वरचा चेहरा तिने तेव्हा पाहिलेलाच होता. माझी मुलगी शेजारीच बसली होती.

‘तो मेकॅनिक मी होतो,’ मी म्हणालो.

मुलीने माझ्याकडे बघितलं. मुलाचा बाप खुर्चीत सरळ झाला. मुलाच्या आईचा हात मात्र हलला नाही, पेला होता तिथेच होता.

‘पानी प्या आदी,’ ती म्हणाली.